बताका संपल्यानंतर

खोडाळ्याच्या बाजाराच्या दिवशी मी घर सोडलं. कसाऱ्याची एसटी लागली तेव्हा बाबा माझी बॅग घेऊन आधीच चढले होते. खिडकीजवळची जागा धरून ते बसून राहिले आणि मी आले तसे उठून खाली उतरले. आई गाडीपाशी आलीच नाही. सुक्या मासळीच्या पाट्यांशेजारी ती पदर डोक्यावर ओढून उभी होती. तिने दिलेली खुरासणीच्या चटणीची बरणी माझ्या मांडीवर होती. "झाकन घट लाव, बॅगेत सांडंल," एवढंच ती सकाळपासून तीनदा बोलली होती. बाबा खिडकीखाली आले. ते शिक्षक होते, सूर्यमाळच्या एका पाड्यावर त्यांची शाळा. बोलणं नेहमी मोजकं. म्हणाले, "पोहोचलीस की कळव. आणि तिकडच्या कागदावर तारीख असते. ती बघत जा."

गाडी वळणावर गेल्यावर मी मागे पाहिलं नाही. पाहायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा मला आनंद झाला होता. हे मी लपवत नाही. नाशिकला आजारी माणसांची सेवा करण्याचं शिक्षण घेतलेली, लग्न मोडून घरी परत आलेली, एकतीस वर्षांची बाई मी. मस्कतला एका म्हातारीला सांभाळायचं काम मिळालं होतं आणि मी विमानात बसणार होते.

आमच्याकडे दिवाळी झाली की माणसं जगायला जातात. हाच शब्द आहे आमचा, कामाला नाही, जगायला. भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर, वसईला रेतीवर, ठाण्याच्या इमारतींवर. झोळीतली पोरं, कोंबड्या, पातेली सगळं घेऊन जातात आणि शिमग्याला परत येतात. बाबांचा वर्ग तेव्हा निम्मा रिकामा व्हायचा. एकदा एका साहेबांनी विचारलं, एवढी मुलं गैरहजर कशी? बाबा म्हणाले, "गैरहजर नाहीत साहेब, जगायला गेलीत." जमीन असलेल्या, नोकरी असलेल्या आमच्यासारख्या घरांतून कुणी जगायला जात नसे. मी गेले. आखाती देश म्हटल्यावर गावाने त्याला दुसरं नाव दिलं एवढंच.

पहिली दोन वर्षं चांगली गेली. म्हातारीला सगळे बीबी म्हणत. तिच्या अर्ध्या अंगावरून वारा गेलेला. मी तिला आंघोळ घालायची, भरवायची, तिच्या निर्जीव बोटांना तेल चोळायची, आणि ती मला अरबी शिकवायची. मोय्य म्हणजे पाणी. खुब्ज म्हणजे भाकरी, म्हणजे पोळीच, पण मी मनात भाकरीच म्हणायची. त्या घरात नळाला दिवसभर पाणी असे. आमच्या डोंगरावर पावसाळ्यात इतकं पाणी पडतं की बांध फुटतात, आणि चैत्रात झऱ्याशी वाटी वाटीने हंडा भरावा लागतो. इथे नुसतं वाळवंट, आणि आंघोळीला गरम वेगळं, गार वेगळं. पहिल्या आठवड्यात मी नळ चालू ठेवून नुसती बघत बसायची.

बीबी गेली. तिच्या मुलाला आम्ही अर्बाब म्हणायचो, अर्बाब म्हणजे मालक. त्याची नोकरी दुसऱ्या देशात लागली. जाताना म्हणाला, तुला दुसरं घर बघून देतो, थोडे दिवस ओळखीच्यांकडे थांब. माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात होता. तो वाईट माणूस नव्हता. बीबी गेली तेव्हा तो माझ्यासमोर लहान पोरासारखा रडला होता. पण घराला कुलूप लागलं, त्याचा फोन लागेनासा झाला, आणि मला पाठवणारा नाशिकचा एजंट म्हणाला, "ताई, तिथलं तिथे बघा." बाबांनी सांगितल्याप्रमाणे मी तिथे राहण्याच्या परवान्याच्या कार्डावरची तारीख बघत होते. ती आली आणि गेली.

त्या कार्डाला तिकडे बताका म्हणतात. बताका आहे तोवर तुम्ही माणूस. तो संपला की तुम्ही खल्लीवल्ली. मूळ अरबीत त्याचा अर्थ 'जाऊ दे, सोडून दे' असा काहीतरी आहे, पण तिथले कामगार कागद नसलेल्या माणसालाच खल्लीवल्ली म्हणतात. "ती पण खल्लीवल्ली आहे," असं. जाऊ दिलेली.

जे तिथे गेले नाहीत त्यांना वाटतं की खल्लीवल्ली माणूस कुठेतरी अंधारात लपून राहतो. तसं नसतं. आम्ही सकाळी उजेडात कामावर जायचो. फक्त कसं जायचं ते शिकावं लागतं. चांगल्या दुकानाची कागदी पिशवी हातात ठेवायची, म्हणजे खरेदीला निघालेली मॅडम वाटते. पोलिसांची गाडी दिसली तर वाट बदलायची नाही, चालही बदलायची नाही. देवळात सणाच्या दिवशी जायचं नाही, बाहेर चेकिंग असतं. फोनचं सिम दुसऱ्याच्या बताक्यावर. खोली तिसऱ्याच्या नावावर. दात दुखला तर लवंग, आणि लवंगेने थांबला नाही तर आणखी लवंग.

खोलीत आम्ही पाच जणी होतो. पलंग तीन, म्हणून पाळीने झोपायचं. त्यांतल्या दोघींची नावं मी इथे घेणार आहे. बाकीच्या दोघी अजून तिकडेच असतील. मंगा आंध्रची, गोदावरीकाठची. तोंडाने फटकळ, आणि सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांचा चहा करणारी. दुसरी पद्मा, श्रीलंकेची. ती पन्नाशीची होती आणि बताक्याशिवाय तिला इतकी वर्षं झाली होती की ती नेमका आकडा सांगत नसे. नुसतं म्हणायची, "मेरा बेटी छोटा था. अभी उसका बेटी है." आमची सगळ्यांची भाषा अशी, मोडकी हिंदी आणि त्यात अरबी.

आम्ही भारतीय घरांतून तासांवर कामं करायचो. माझं एक घर मराठी होतं, डोंबिवलीकडचं. बाईंना मी वहिनी म्हणायची. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "तुझं मराठी वेगळंच आहे गं. कुठली तू?" मी म्हटलं, नाशिककडची. मोखाडा म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे काय येणार ते मला ठाऊक होतं. पेपरात आमच्या तालुक्याचं नाव येतं ते हाडं निघालेल्या पोरांच्या फोटोखाली. आमच्या देवबांधाचा धबधबा, बोहाड्याच्या उत्सवातली मुखवट्यांची सोंगं, नागलीच्या पिकावरून येणारा वारा, हे पेपरात येत नाही. म्हणून मी माझं गाव तिथे कुणालाच सांगितलं नाही. पद्माला तेवढं सांगितलं.

पद्मा आणि मी एका पाळीच्या. दुपारी कामं आटोपून आलो की भिंतीला टेकून बसायचो आणि एकमेकींना आपापलं गाव दाखवायचो. दाखवायचो म्हणजे बोटाने फरशीवर. इथे विहीर, इथे शाळा, इथून वाट खाली खाचरांत जाते. तिचंही गाव भाताचं. गावाला लागून मोठं तळं, तळ्याच्या बांधावरून शाळेची वाट. मी म्हणायची, आमच्याकडे तळं नाही, डोंगर आहे. ती म्हणायची, "पहाड का पानी किधर जाता?" मी म्हणायची, वाहून जातं. ती हळहळायची. कुणाच्या घरातलं दूध उतू जावं तशी.

तिने मला तिचं पूर्ण नाव पाठ करायला लावलं होतं. पद्मा हे घरचं नाव. कागदावरचं लांबलचक, चार शब्दांचं. मग गावाचं नाव, मग तालुक्यासारखं काहीतरी, मग जिल्हा, कुरुनेगला. मला नीट म्हणता येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायची. मीही तिला माझं शिकवलं. "मोकाडा," ती म्हणायची. 'ख' तिला कधी जमला नाही.

बाबा थंडीत गेले. माझा भाऊ किसन याचा फोन आला तेव्हा मी वहिनींकडे होते. त्यांच्या मुलाचा वाढदिवस होता आणि मी पुऱ्या लाटत होते. बाबांना शेतातच छातीत दुखायला लागलं, जव्हारला नेलं, तिथून नाशिकला नेताना वाटेतच गेले, असं त्याने सांगितलं. मी पोळपाटावरची पुरी लाटून पूर्ण केली. मग वहिनींना सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला, मला खुर्चीवर बसवलं, माझा हात धरला. खरंच चांगल्या होत्या त्या. म्हणाल्या, "अगं मग निघ तू. आत्ताच्या आत्ता. तिकीट आम्ही काढून देतो." आणि हे बोलता बोलताच त्यांना माझ्या कागदांचं आठवलं. मलाही. विमानतळावर तिकीट दाखवून भागत नाही. बाहेर मुलं फुगे फुगवत होती.

त्या दिवशी पद्मा आमच्या पाळीच्या वेळी पलंगावर झोपली नाही, माझ्या उशाशी बसून राहिली. दहाव्याला किसनने फोनवरून दाखवलं. बाबांचे जुने विद्यार्थी पाड्यापाड्यांवरून आले होते. काही भट्टीवरून एक दिवसाची सुट्टी काढून आले होते. सगळे आले होते. आई कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. किसन म्हणाला, "आये, सुमनताई हाये, बोल." ती म्हणाली, "काय बोलू. तिला सांग, तिकडं नीट राहा." मी कागदांविना आहे हे घरी ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की मुलगी बापाच्या मातीला आली नाही.

पद्माला साखरेचा आजार होता. गोळ्या कुणाकुणाकडून मिळतील तशा घ्यायची. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या पायाला काच लागली आणि जखम भरेना. मी शिकलेली होते, मला दिसत होतं काय होतंय ते. रोज धुऊन पट्टी करायची आणि रोज सांगायची, दवाखान्यात जाऊ. ती म्हणायची, "अस्पताल में नाम पूछेगा." मी म्हणायची, विचारू दे. ती हसून म्हणायची, "बेटी का घर का छत बाकी है. छत हो गया, फिर जाएगा."

एका शुक्रवारी दुपारी ती कामावरून आली आणि दारातच बसली. अंग तापलेलं, श्वास लागत होता, बोलणं मध्येच तुटत होतं. शुक्रवार तिकडे सुट्टीचा. पद्मानेच तेवढं एक काम धरलेलं, बाकी सगळ्या खोलीतच होत्या. मी तिची नाडी बघितली आणि म्हटलं, मी अँब्युलन्स बोलावते.

मंगाने माझा हात धरला. "अँब्युलन्स आएगा तो पीछे पुलिस आएगा."

"येऊ दे."

"सबको लेके जाएगा. तू सोच."

मी म्हटलं, "तुम्ही निघा. मी थांबते." हे मी मराठीतच बोलले. त्या क्षणी मला हिंदी सुचली नाही, पण त्यांना कळलं.

कुणी वाद घातला नाही. त्यांनी पिशव्या भरल्या. सगळं मिळून एकेक पिशवी होती. मंगा पद्माच्या कपाळाला हात लावून उभी राहिली, मग माझ्याकडे वळली. "तेरे बाप के टाइम तू नहीं जा सकी," ती म्हणाली. "अब इसके वास्ते पकड़ी जाएगी?" मग तिने चुलीवरचा, म्हणजे शेगडीवरचा चहा गाळला, एक कप माझ्याजवळ ठेवला आणि गेली. तिला मी दोष देत नाही. मंगा, तू हे वाचणार नाहीस, तुला मराठी येत नाही. पण तुला ओळखणारं कुणी वाचलं तर त्याने तुला सांगावं की तो चहा मी प्याले.

अँब्युलन्स आली. गाडीत मला बसू दिलं. पद्माचा हात माझ्या हातात होता आणि ती तिच्या भाषेत काहीतरी बोलत होती. दवाखान्यात तिला आत नेलं. नर्स केरळची होती. तिने विचारलं, "तुम कौन?" मी म्हटलं, बहन. तिने माझ्याकडे पाहिलं, पद्माच्या कागदावरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि काही न विचारता 'बहन' लिहिलं. सूर्य मावळायच्या आत पद्मा गेली. जखमेचं विष रक्तात गेलं होतं.

मग पोलीस आले. एक तरुण अधिकारी होता, त्याला हिंदी येत होती. त्याने आधी पद्माचं विचारलं. पासपोर्ट कुठे, माहीत नाही. बताका, नाही. मग तो म्हणाला, "नाम?" मी पाठ केलेलं सगळं म्हटलं. चारही शब्द, गाव, तालुका, कुरुनेगला. त्याने मान वर केली. "फिर से बोलो, धीरे," म्हणाला, आणि एकेक अक्षर उतरवून घेतलं. मग मला पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, "अब तुम्हारा?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी माझं नाव पूर्ण सांगितलं. गाव खोडाळा. तालुका मोखाडा. नाशिककडची म्हटलं नाही.

काही आठवडे मला इतर बायकांबरोबर ठेवलं. वाईट वागवलं नाही कुणी. वकिलातीतून परतीचा कागद मिळाला, त्याला आउटपास म्हणतात. एकदाच चालतो, आणि त्यावर फक्त जाता येतं. मुंबईला किसन जीप घेऊन आला होता. त्याचे केस कानांजवळ पांढरे झाले होते. कसारा गेल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "आम्हाला सांगायचंस ना ताई. आम्ही काय, परके होतो?" मी म्हटलं, सांगून तुम्ही काय केलं असतं? तो म्हणाला, "काही नाही. पण आईने तुला बोल लावला नसता."

आई ओसरीवर नागली पाखडत होती. सूप खाली ठेवलं नाही तिने. म्हणाली, "आलीस. हात धू, भाकर हाये." भिंतीवर बाबांचा फोटो होता. तो मी फोनवर पाहिलेलाच होता, पण फोनमध्ये भिंत किती रिकामी आहे ते दिसलं नव्हतं.

त्यालाही आता बरेच दिवस झाले. मी जव्हारच्या एका वसतिगृहात कामाठी म्हणून आहे. मुलींचं जेवण, अंथरुणं, आजारपण बघते. पाड्यांवरून नव्याने आलेल्या मुली पहिले काही दिवस ताटावर बसून रडतात. मी त्यांना रडू नका म्हणत नाही. विचारते, तुझ्या घराशेजारी कोण राहतं? विहीर कुठल्या अंगाला? त्या सांगायला लागतात. सुट्टीला मी खोडाळ्याला जाते. सोडून गेले तेव्हा मला वाटायचं, घर आहे तिथेच राहील, आपण कधीही परत यावं. तिकडे असताना वाटायचं, घर म्हणजे जिथे कागद लागत नाही ते. आता दोन्ही खरं वाटत नाही. बाबा नाहीत, आई माझ्याकडे अधूनमधून पाहुणीकडे बघावं तसं बघते, आणि माझ्या झोपेत अजून अरबी शब्द येतात. तरी रस्त्यात कुणी "गुरुजींची सुमन ना तू?" म्हटलं की मी थांबते. त्या देशात मला असं कुणी म्हणू शकलं असतं तर ती एकटी पद्मा.

तिचं शरीर गावी पोहोचायला फार काळ लागला, पण पोहोचलं. गेल्या भातकापणीनंतर तिच्या मुलीचा फोन आला, व्हिडिओवर. माझा नंबर तिने वकिलातीतून, कुणाकुणाला विचारून मिळवला होता. शेजारी तिचा नवरा होता, तो दुबईत राहून आलेला, त्याला हिंदी येत होती. मी खोडाळ्यालाच होते. आई अंगणात होती.

मुलीने विचारलं, आई शेवटी काय बोलली?

मी म्हटलं, गाडीत बोलत होती, पण तुमच्या भाषेत. मला कळलं नाही. एक शब्द तेवढा पुन्हा पुन्हा कानावर आला, आणि तो मला आमच्याच भाषेतला वाटला, म्हणून लक्षात राहिला. वहिनी, वहिनी वा, असं काहीतरी. मला वाटलं, माझ्याकडून ऐकून ऐकून ती मलाच वहिनी म्हणतेय. त्याच्याआधी एक शब्द, वी. वी टिक. वी टिक गन्न.

मुलीने तो शब्द स्वतःशी म्हणून पाहिला. मग तिने तोंडावर हात ठेवला. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, आणि मग मला सांगितलं. "वहिनी नहीं दीदी. वहिनवा. बारिश हो रही है. वी मतलब धान. बोलती थी, धान अंदर लो, बारिश हो रही है."

मुलगी रडत होती आणि हसतही होती. ती म्हणाली, आम्ही लहान असताना आई रोज ओरडायची असं. चटईवर भात वाळत घातलेला असायचा आणि आम्ही खेळत बसायचो.

फोन ठेवल्यावर मी अंगणात गेले. आईने विचारलं, "कोन होती ती पोर? रडत व्हती कशाला?" मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, खोली, जखम, गाडी, आणि पद्माचे शेवटचे शब्द. आई ऐकत राहिली. बाबा गेल्यापासून मी तिच्याशी इतकं बोलले नव्हते. तिच्यासमोर आमचाही भात सारवलेल्या अंगणात पसरलेला होता, आणि तिने सवयीने एकदा आभाळाकडे पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं.

"मंग?" ती म्हणाली. "घेतला का त्यांनी आत?"

मी म्हटलं, "हो आये. घेतला."